नव्या गाडीतली शिट्टी

पंपघरात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. माणसं नावं ठेवण्यात हुशार असतात, त्यात नवल नाही. पण हे नाव मात्र त्यानं कमावलेलं होतं. अर्ध्या शहराला पाणी चढवणारे पाच पंप, एकेक खोलीएवढा, आणि त्यातल्या कुणाच्या पोटात काय दुखतंय हे सांगायचं काम त्याचं. हातात फूटभर लांब लोखंडी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी गोळा. सळईचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, गोळा कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचं "चालू दे", नाहीतर "उघडा". बस्स. सव्वीस वर्षं त्याच्या "चालू दे"वर पंप चालले आणि "उघडा"वर थांबले.

एकदा साहेबांनी आवाज मोजायचं यंत्र मागवलं होतं. यंत्र म्हणालं, पंप ठणठणीत आहे. कानसेन म्हणाला, उघडा. उघडला तर बेअरिंगमधल्या दोन गोळ्या चिरलेल्या. यंत्र जे कपाटात गेलं, ते आजतागायत तिथेच आहे. तेव्हापासून कानसेनच्या शब्दापुढे कुणी ब्र काढत नसे आणि तोही नव्या लोकांना शिकवताना जरा मान वर करूनच सांगायचा, "मशीन खोटं बोलत नाही. आणि बंद मशीन तर बोलतच नाही. एवढं लक्षात ठेवलंत की झालं."

आता त्या शनिवारचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

पंपांसमोर टेबल टाकून बसणारी ऑपरेटर तिशीतली, कामाला चोख, बोलायला थोडी. त्या दिवशी ती उठून त्याच्याजवळ आली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, कारण पंपघरात सगळं बोलणं ओरडूनच व्हायचं.

"दादा, तीन नंबर बारीक किंचाळतोय. सकाळपासून!"

कानसेननं सळई लावली. डोळे मिटले. खालचा जाड घुमारा एकसारखा होता, कुठे ठोका नाही, कुठे घरघर नाही.

"चालू दे," तो म्हणाला.

"अहो, पण मला चांगला ऐकू येतोय! ताटावर सुरी ओढावी तसा!"

"तुझ्याच कानात काहीतरी गेलं असेल," तो हसत म्हणाला आणि सळई खिशात टाकून निघाला. ती बिचारी टेबलाकडे परतली. परतणारच. तिच्याकडे पंप थांबवायचं बटण होतं, पण दाबायचा अधिकार नव्हता. आणि खरं सांगायचं तर कानसेनचं लक्ष त्या दिवशी पंपात नव्हतंच. सोमवारपासून आठ दिवस रजा टाकली होती आणि संध्याकाळी नवी मोटारसायकल ताब्यात मिळणार होती.

मोटारसायकल म्हणजे काही फार मोठी चीज नव्हे. शंभर सीसी. शोरूमच्या काचेमागे ज्या दणकट गाड्या छाती काढून उभ्या असतात, त्यांच्या मागे भिंतीला टेकून ही उभी होती, शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या केलेल्या पोरीसारखी. काळा रंग, टाकीवर निळा पट्टा, बारीक चाकं. पण कानसेनला हवी होती अशीच. गुडघे आताशा कुरकुरत होते, वजनदार गाडी स्टँडवर चढवणं झेपलं नसतं. शिवाय एवीतेवी जायचं कुठे? कामावर, बाजारात, बायकोच्या बहिणीकडे. त्याआधी तो एकवीस वर्षं मोपेडवर फिरला. मोपेड सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची, असा तिचा आवाज. ती भंगारात गेली तेव्हा शेजारच्या शिंप्यानं उघड उघड सुटकेचा श्वास सोडला.

आणि ही नवी! बटण दाबलं, तर कानसेनला क्षणभर वाटलं सुरूच झाली नाही. हँडलला हात लावला तेव्हा कुठे कळलं की इंजिन चालतंय. पहिल्या संध्याकाळी तो गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर एकटाच गेला. रबराचा नवा वास, सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, आरसे इतके स्वच्छ की मागचं झाड समोरच्यापेक्षा हिरवं दिसावं. टाकीवर चिठ्ठी डकवलेली, पहिले पाचशे किलोमीटर ताशी पंचेचाळीसच्या वर जाऊ नये. कानसेननं ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. नव्या मशीनला घाई करणाऱ्या माणसांचा त्याला मनापासून राग होता. चौपन्नाव्या वर्षी माणूस किती खूश होऊ शकतो याला काही मर्यादा असते, पण त्या संध्याकाळी ती त्यानं ओलांडली, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, पाण्यावरून चालल्यासारखी चालते."

"टीव्हीचा आवाज कमी करा आधी," बायको म्हणाली. "वरच्या मजल्यावरून निरोप आलाय."

"टीव्हीचे स्पीकर गेलेत. काही ऐकूच येत नाही."

"तुम्हाला नव्या गाडीनंतर आता नवा टीव्ही हवाय, सरळ सांगा ना."

रविवारी शिट्टी सुरू झाली.

सुरू झाली म्हणजे त्याला ऐकू आली. सिग्नलला थांबला होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं, आणि त्या गुरगुरण्याच्या वर, फार वर, एक बारीक शिट्टी. सरळ, न तुटणारी. कानसेनचा चेहराच उतरला. नव्या कोऱ्या गाडीत? त्यानं रेस वाढवली, शिट्टी तेवढीच. रेस सोडली, तेवढीच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता असेल काहीतरी. पण ज्याचा जन्म आवाजात गेला त्याला असं म्हणता येत नाही. फिरणाऱ्या भागाचा आवाज वेगाबरोबर बदलतो, हा बदलत नाही, म्हणजे दोष फिरणाऱ्या भागात नाही. म्हणजे विजेच्या भागात आहे. कुठेतरी करंट झिरपतोय. किती बिनतोड हिशेब! त्याचा त्यालाच अभिमान वाटला.

सोमवारी त्यानं अंगणात गाडी उभी करून सळई लावली. इंजिनला, टाकीला, हेडलाइटच्या डब्याला. सगळीकडे शिट्टी सारखीच. किल्ली फिरवून गाडी बंद केली, तरी शिट्टी. आता शहाण्या माणसानं इथे थांबून विचार करायला हवा होता की नाही? पण शहाणपणाची गंमत अशी, की जे आपल्याला सगळ्यात चांगलं येतं तिथेच ते दगा देतं. कानसेन म्हणाला, "बॅटरीला किल्लीची काय पर्वा? ती तर चोवीस तास जोडलेलीच असते." आणि पोट सुटलेला शिंपी कुंपणावरून पाहत होता, त्याला त्यानं बोलावलं.

"ऐक जरा. शिट्टी येते की नाही?"

शिंप्यानं कान लावला. दुसरा कान लावला. "मला बाबा काही ऐकू येत नाही. तुझी मोपेड गेली ना, त्यानं शांत वाटतंय एवढंच."

"तुला नाही कळायचं ते."

मंगळवारी तो शोरूमला गेला. तिथला हेडमेकॅनिक वयानं त्याच्याहून लहान, चष्मा कपाळावर चढवलेला, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं गाडी चालवून पाहिली, झुकून ऐकलं, आणि म्हणाला, "काका, काहीच नाही. नवीन गाडी आहे, मनात शंका येते माणसाच्या."

मनात शंका! कानसेनला असं म्हणावं? त्यानं पंपघराचं नाव सांगितलं, सव्वीस वर्षं सांगितली, यंत्राची गोष्टही सांगितली. हेडमेकॅनिकनं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत पुन्हा तेच म्हणाला. घरी येताना कानसेनचं डोकं नुसतं तापलं होतं. वाटेत दोन-तीन मोटारसायकलवाल्यांनी त्याच्याकडे बघून मूठ उघडझाप केली. नवी गाडी पाहून कौतुक करताहेत असं समजून त्यानंही हात हलवला.

त्या रात्री शिट्टी अंथरुणातही आली. पंपघरातून आलं की तासभर कानात मशीन राहतंच, सगळ्यांच्याच राहतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण कामावर जाऊन तर तीन दिवस झाले होते. त्यानं उठून पंखा बंद केला. मग पुन्हा लावला. "झोपा ना," बायको म्हणाली, आणि तो झोपला. म्हणजे डोळे मिटून पडला.

बुधवारी मात्र देव पावल्यासारखं झालं. बायकोला मागे बसवून तिच्या बहिणीकडे निघाला होता. चौकात उजवीकडे वळला, सरळ रस्त्याला लागला, आणि बायको मागून म्हणाली, "अहो, ते मघापासून काय वाजतंय पीं पीं पीं?"

कानसेननं असा ब्रेक दाबला की तिचं नाक त्याच्या पाठीवर आपटलं.

"तुला ऐकू येतंय?"

"नाक फुटलं असतं माझं! येतंय म्हणजे काय, डोकं उठलंय त्यानं."

"बारीक आहे ना? वरच्या पट्टीतलं?"

"हो, बारीक. पुढून येतंय, हँडलच्या तिथून."

हँडलच्या तिथून! त्याला तर वाटलंच होतं, हेडलाइटच्या डब्यापाशी. तो भर रस्त्यात बायकोकडे असा बघत राहिला, जणू लग्नानंतर पहिल्यांदाच तिला पाहतोय. त्यानं किल्ली बंद केली.

"आता थांबलं," बायको म्हणाली.

"थांबलं नाही. नीट ऐक."

"अहो थांबलं. मला काय कान नाहीत?"

तिचे कान साधे आहेत, बंद गाडीतलं बारीक तिला कळणार नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. साक्षीदार मिळाला हेच पुष्कळ होतं. "उद्या तू माझ्याबरोबर शोरूमला यायचंस," तो म्हणाला. "त्या चष्मेवाल्याला दाखवतोच."

गुरुवारी सकाळी दहाला दोघं शोरूममध्ये हजर. बायको खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली, कोर्टात आल्यासारखी. हेडमेकॅनिकनं कानसेनला पाहिलं आणि त्याच्या खांद्यांनीच सांगितलं की आज काही सुटका नाही.

"ही माझी मिसेस. हिलाही ऐकू येतं. विचारा तिला."

"येतं हो," बायको म्हणाली. "चांगलं पीं पीं वाजतं."

आता हेडमेकॅनिक जरा सरसावला. माणूस वाईट नव्हता. दोघांनी सांगितल्यावर त्यानं मनावर घेतलं. इंजिन सुरू केलं.

"आता येतोय आवाज?"

"आत्ता नाही बाई," बायको म्हणाली.

"येतोय की!" कानसेन म्हणाला.

इंजिन बंद केलं. "आता?"

"नाही."

"येतोय."

किल्ली काढून हातात घेतली. "आता?"

"येतोय. म्हणूनच तर सांगतोय, बॅटरीतून झिरपतंय काहीतरी."

हेडमेकॅनिकनं बाजूचं झाकण उघडलं, दोन स्क्रू काढले, वायरी सोडवल्या आणि बॅटरी उचलून समोरच्या टेबलावर ठेवली. ठक्. मग हात झटकून तो कानसेनकडे बघत उभा राहिला.

"आता काका?"

गाडीत आता काही उरलं नव्हतं. थोडं लोखंड, थोडं प्लॅस्टिक, रबर. बंद मशीनसुद्धा नाही, नुसती वस्तू. बंद मशीन बोलत नाही, हे सव्वीस वर्षं नव्या लोकांना कोण सांगत आलं होतं? आणि शिट्टी येत होती. तशीच, सरळ, न तुटणारी. ती गाडीतून येत नव्हती, टेबलावरच्या बॅटरीतून येत नव्हती, शोरूममधूनही येत नव्हती. कानसेननं "येतोय" म्हणायला तोंड उघडलं. बायको बघत होती, हेडमेकॅनिक बघत होता. आवाजाच्या बाबतीत जन्मात खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, "गेला."

"गेला ना!" हेडमेकॅनिक खूश झाला. "म्हणजे विजेचंच आहे. बरोबर होतं काका तुमचं. थांबा, आता धरतो त्याला."

त्यानं बॅटरी परत जोडली, किल्ली लावली, आणि एकेक करत गेला. हेडलाइट. हॉर्न. ब्रेकचा दिवा. मग डाव्या अंगठ्याखालचं बटण सरकवलं.

"हा!" बायको खुर्चीतून उठलीच. "हाच! हाच तो!"

हेडमेकॅनिकला हसू आवरेना. "अहो काकू, हा इंडिकेटरचा बझर! वळून झालं आणि इंडिकेटर चालू राहिला की कळावं म्हणून वाजतो. काकांना गाडी दिली त्या दिवशी सांगितलं होतं की मी."

बायकोही हसायला लागली. "अगं बाई! म्हणजे हे चार दिवस इंडिकेटर लावून गावभर हिंडताहेत!"

कानसेन हँडलकडे बघत होता. पिवळा दिवा लागत होता, विझत होता. लागत होता, विझत होता. आवाज काही नव्हता. त्यानं खिशातून सळई काढली, हँडलजवळच्या डब्यावर टेकवली, गोळा कानामागे दाबला, डोळे मिटले. शिट्टी. नुसती त्याची ती शिट्टी. तिच्या पलीकडे, तिच्याखाली, काही नाही.

"काका, सळई कशाला? बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातोय तो," हेडमेकॅनिक हसतच म्हणाला.

बायकोचं हसू तिथेच थांबलं. तिनं दिव्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पर्सचा बंद घट्ट धरला. टीव्ही, दाराची घंटा, फोन ओट्यावर वाजत राहायचा ते, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार.

आणि कानसेन? त्याला कोड्याचे दोन्ही तुकडे एकदमच मिळाले. जे त्याला ऐकू येत होतं, ते नव्हतंच. जे होतं, ते त्याला ऐकू येत नव्हतं. बारीक, वरच्या पट्टीतलं. ताटावर सुरी ओढावी तसं.

"तीन नंबर," तो म्हणाला.

"काय?"

"चल. आधी चल!"

निघताना त्यानं पंपघरात फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. उचलला जाणारच नव्हता, तिथे फोन कुणाला ऐकू येतो? साहेबांना लावला, तर साहेब मीटिंगमध्ये. आणि उचलला असता तरी काय सांगणार होता? तीन नंबर थांबवा, का? तर मला काही ऐकू आलं नाही म्हणून? असा निरोप कुणाला समजला असता?

शनिवारपासून पाच दिवस तो पंप तसाच फिरत होता. कोरड्या पडलेल्या बेअरिंगचं पहिलं रडणं बारीक असतं, ते ज्यानं ऐकलं त्याचा पंप वाचतो. मग ते रडणं थांबतं, घरघर होते, आणि मग एका क्षणी दांडा जागच्या जागी अडकतो. त्यानं हे एकदा पाहिलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका पंपघरात. जोडणीचं लोखंडी चाक तुटून सुटलं आणि समोरचं टेबल भिंतीला जाऊन चिकटलं होतं. माणूस चहा आणायला गेला होता म्हणून वाचला. इथे टेबलाशी ऑपरेटर बसत होती, सहा सहा तास, आणि चहा ती टेबलावरच प्यायची.

पंपघर टेकाडावर. शंभर सीसीची गाडी, दोन माणसं, आणि तो चढ. कानसेननं मूठ पिळली तितकी पिळली. काटा पंचेचाळीसवर गेला, पन्नासवर, साठवर, टाकीवरची चिठ्ठी वाऱ्यानं फडफडत होती, आणि चढ लागला तसा काटा पुन्हा खाली यायला लागला. पन्नास. चाळीस. तीस. त्यानं गिअर उतरवला. इंजिन कळवळून ओरडलं, तेवढं त्याला हातापायांतून समजलं. पण जीवच किती त्या गाडीचा? ती तरी काय करणार? मागून ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला. सायकलवाला एक जण पायडलवर उभा राहून त्यांच्या बरोबरीनं चढत होता, आणि कानसेनला रडू फुटायच्या बेतात आलं.

उजव्या खांद्यावर बायकोनं दोनदा थापटलं. त्याला कळेना. तिनं पुन्हा थापटलं आणि हात पुढे काढून पिवळ्या दिव्याकडे दाखवलं. फाट्यावरून वळल्यापासून इंडिकेटर चालू होता. त्यानं डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. ती आता काही विचारत नव्हती, नुसतं थापटत होती. पुढच्या वळणानंतर तिनं पुन्हा थापटलं, त्यानं पुन्हा बटण दाबलं.

पंपघराच्या दारात गाडी टाकूनच तो आत धावला. पंप चालू होते. पाचही. ऑपरेटर जागेवर होती. पण टेबल जागेवर नव्हतं. तीन नंबरसमोरून चांगलं चार हात मागे, पार भिंतीपर्यंत ओढलेलं होतं. पंप थांबवायचा अधिकार नव्हता, टेबल ओढायचा होता. साहेबांकडे ती गेलीच असणार, आणि साहेब काय म्हणाले असतील हेही त्याला न सांगता कळलं. कानसेननी चालू दे म्हटलंय ना? मग झालं.

तो तीन नंबरकडे गेला आणि सळई लावली. जाड घुमारा आणि त्यावर स्वतःची शिट्टी. शनिवारी हेच ऐकलं होतं त्यानं, आणि यालाच ठणठणीत म्हणाला होता. मग त्यानं जे सव्वीस वर्षांत करायची गरज पडली नव्हती ते केलं, बेअरिंगच्या डब्यावर नुसता तळहात ठेवला. चटका बसून हात मागे आला.

"बंद कर!" त्यानं हातानं खूण केली. "तीन बंद कर!"

ऑपरेटरचा चेहरा एकदम फुलला. ती धावत त्याच्याजवळ आली आणि कानाशी ओरडली, "मला माहीत होतं तुम्ही येणार! रजेवर असून ऐकू आलं तुम्हाला! दादा, मानलं तुमच्या कानाला!"

"नाही!" तो ओरडला. "तुझं बरोबर होतं! मला—"

"काय?"

"मला ऐकू आलं नव्हतं!"

तिनं कानामागे हात धरला, मान हलवली, हसून हातानंच "नंतर, नंतर" केलं आणि पॅनलकडे पळाली. दोन फिटर पाने घेऊन आतून आले. एकानं दुसऱ्याला कोपर मारून कानसेनकडे बोट दाखवलं, घरी बसून ऐकतो बघ, अशा अर्थाचं. दुसऱ्यानं अंगठा उंचावला. कानसेन एकाकडून दुसऱ्याकडे गेला, त्यांच्या कानाशी ओरडला, आणि त्यांनी माना डोलावल्या. आपलं कौतुक तो मोठ्या मनानं नाकारतोय, असंच त्यांना वाटलं. एवढ्या गोंगाटात माणसाला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो, हे त्यालाच तर सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

तिनं तीन नंबर थांबवला. तो नेहमीसारखा फिरत फिरत थांबला नाही. कचकन अडकून, जमीन हादरवून थांबला, एवढा की कानसेनच्या तळपायांना कळलं. अजून दिवसभर चालला असता की नाही, कुणास ठाऊक. तो उघडायचा तर त्याचे वाल्व्ह बंद करेपर्यंत बाकीचेही दहा मिनिटं थांबवावे लागतात. ऑपरेटरनं बटणं दाबायला सुरुवात केली. पाच. चार. कानसेन तिच्या मागे उभा राहून ओरडत होता. आता त्याला कुणी ऐकतंय की नाही याचीही पर्वा राहिली नव्हती, फक्त बोलून टाकायचं होतं. दोन. "शनिवारी तू सांगितलंस आणि मी हसलो! तू मेली असतीस माझ्यामुळे! अगं, मशीनला काही नाही झालं, मलाच झालंय!" एक.

शेवटचा पंप घरंगळत घरंगळत थांबला. कितीतरी महिन्यांनी पंपघर गप्प झालं होतं. आणि त्या गप्प पंपघरात कानसेन गोंगाटातल्या सवयीनं, पूर्ण ताकदीनं ओरडला, "मला ऐकू येत नाही!"

पत्र्याच्या छपराला आपटून ते परत आलं. फिटरच्या हातातला पाना तसाच राहिला. ऑपरेटर बटणावरचं बोट न काढता वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, काहीतरी हळू म्हणाली ती, फार मायेनं म्हणाली असावी. त्याला ते ऐकू आलं नाही. त्याला शिट्टी ऐकू येत होती.

दारातून बायको आली. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं तिच्या. ती मागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा थापटलं.

कानसेनचा डावा अंगठा आपोआप हलला, बटण शोधत.